आलेखातल्या उभ्या रेघा: टाइमस्टॅम्प फ्लोट३२ मध्ये भरल्यावर काय बिघडते

ब्राउझरमध्ये चालणारा एक डॅशबोर्ड आहे. टाकीतली पातळी मोजणारा सेन्सर दर सेकंदाला एक नोंद पाठवतो. नोंदीत दोनच आकडे असतात: मिलिसेकंदांतला युनिक्स टाइमस्टॅम्प (१९७० च्या सुरुवातीपासून गेलेला वेळ) आणि ० ते १ च्या दरम्यानची पातळी, तीन दशांश स्थळांपर्यंत. सर्व्हरवर हे सगळे डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे आकड्याला ६४ बिट देऊन, साठवलेले असते आणि जेसन या मजकुरी स्वरूपातून ब्राउझरकडे येते. ब्राउझर ते आकडे फ्लोट३२अॅरेमध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या (सिंगल प्रिसिजन) आकड्यांच्या यादीत भरतो, तो अॅरे वेबजीएलच्या, म्हणजे ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरण्याच्या सोयीच्या, बफरला देतो आणि शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम, १,००० पिक्सेल रुंदीच्या कॅनव्हासवर रेघ काढतो.

फ्लोट३२अॅरे निवडण्यामागे योग्य कारण होते. दिवसाच्या ८६,४०० नोंदी, प्रत्येकीत दोन आकडे आणि आकड्याला ४ बाइट धरले, तर ६,९१,२०० बाइटमध्ये काम होते. शिवाय ग्राफिक्स कार्डाला हाच प्रकार हवा असतो.

वापरणाऱ्यांकडून तीन तक्रारी आल्या. चोवीस तासांचा आलेख नीट दिसतो, पण एका तासावर झूम केले की सलग रेघेऐवजी ठरावीक अंतरावर उभ्या काठ्या दिसतात. पातळी ०.७ किंवा अधिक असलेल्या नोंदींची डॅशबोर्डवरची संख्या सर्व्हरच्या अहवालापेक्षा कमी भरते. आणि माउस नेल्यावर टूलटिपमध्ये ०.७ ऐवजी ०.६९९९९९९८८०७९०७१ दिसते. तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या लोकांकडे गेल्या: पहिली ग्राफिक्स पाहणाऱ्याकडे, दुसरी अहवाल लिहिणाऱ्याकडे, तिसरी स्क्रीनची मांडणी करणाऱ्याकडे. मूळ मात्र तिन्हींचे एकच होते, आणि ते सापडायला कन्सोलमधली एक ओळ पुरली.

पहिली तपासणी

आलेखात काठ्या दिसल्या की आधी शेडर उघडू नये. आधी बफरमध्ये काय गेले ते पाहावे. तासाभराच्या ३,६०० नोंदींचे टाइमस्टॅम्प फ्लोट३२अॅरेमध्ये भरल्यावर त्या अॅरेचा सेट (फक्त वेगवेगळ्या किमतींचा संग्रह) बनवायचा आणि त्याचा आकार छापायचा. १७,००,००,००,००,००० या टाइमस्टॅम्पपासून सुरू होणारा तास घेतला, तर उत्तर ३,६०० येत नाही, २८ येते. पहिल्या काठीत १०५ नोंदी, शेवटच्या काठीत ८७, आणि मधल्या २६ काठ्यांत प्रत्येकी १३१ किंवा १३२. म्हणजे शेडरने काहीही चुकवलेले नाही. त्याला २८ च जागा मिळाल्या आणि त्याने त्या इमानाने काढल्या.

हे असे का होते, ते आकड्याच्या रचनेत आहे. जावास्क्रिप्टची साधी संख्या आयईईई ७५४ मानकातली डबल प्रिसिजन असते: ६४ बिट, त्यांपैकी ५२ अपूर्णांकाचे, आणि न लिहिलेला पुढचा १ धरून ५३ सार्थ बिट. सिंगल प्रिसिजनमध्ये १ बिट चिन्हाचा, ८ घातांकाचे, २३ अपूर्णांकाचे. सार्थ बिट २४. संख्या कितीही मोठी असो, तिच्या वाट्याला हेच २४ बिट येतात. म्हणून संख्या मोठी झाली की शेजारच्या दोन मांडता येणाऱ्या संख्यांमधले अंतर वाढते. हे अंतर काढायचे सूत्र असे: संख्येचा लॉग२ घ्या, खालचा पूर्णांक धरा, त्यातून २३ वजा करा आणि जे उरेल तेवढा २ चा घात करा.

आजचे मिलिसेकंदांतले टाइमस्टॅम्प २ चा ४०वा घात आणि ४१वा घात यांच्यामध्ये येतात. ४० वजा २३ म्हणजे १७, आणि २ चा १७वा घात १,३१,०७२. म्हणजे सिंगल प्रिसिजनमध्ये आजची वेळ १,३१,०७२ मिलिसेकंदांच्या, सुमारे दोन मिनिटे अकरा सेकंदांच्या पायऱ्यांनीच पुढे सरकते. १७,००,००,००,००,००० ही संख्या मॅथ.फ्राउंडला दिली की १७,००,००,००,३८,९१२ परत मिळते. नोंद जवळजवळ ३९ सेकंद भविष्यात गेली.

मॅथ.फ्राउंड हे फंक्शन २०१५ च्या एक्मास्क्रिप्ट मानकात आले. ते एवढेच करते: दिलेली संख्या जवळच्या सिंगल प्रिसिजन संख्येवर आणते, आणि दोन संख्यांच्या बरोबर मध्ये असेल तर जिचा शेवटचा बिट ० आहे ती निवडते. उत्तर पुन्हा डबलमध्येच मिळते, म्हणून ते छापून पाहता येते. फ्लोट३२अॅरेच्या कोणत्याही घरात संख्या लिहिली की नेमकी हीच क्रिया घडते, फक्त कोणी सांगत नाही. अपवाद फेकला जात नाही, कन्सोलमध्ये इशारा येत नाही. याच कारणामुळे तपासणीत मॅथ.फ्राउंड इतके उपयोगी पडते: अॅरे न बनवता, एका ओळीत, कोणत्या आकड्याचे काय होणार ते समोर येते.

चोवीस तासांच्या आलेखात हे लपले ते पिक्सेलमुळे. ८६,४०० सेकंद १,००० पिक्सेलमध्ये बसवले की एका पिक्सेलला ८६.४ सेकंद येतात. १३१ सेकंदांची पायरी म्हणजे दीड पिक्सेल. डोळ्याला ती रेघ सलगच वाटते. एका तासाच्या दृश्यात पिक्सेलला ३.६ सेकंद येतात आणि तीच पायरी ३६ पिक्सेलांची होते.

जे उपाय चालत नाहीत

पहिला सुचणारा उपाय: आकडा फार मोठा आहे ना, मग १,००० ने भागून सेकंद भरू. यात काहीच हाती लागत नाही. फ्लोटिंग पॉइंटमध्ये अचूकता सापेक्ष असते. एकक बदलल्याने सार्थ बिट वाढत नाहीत. सेकंदांतला टाइमस्टॅम्प २ च्या ३०व्या आणि ३१व्या घातामध्ये येतो, पायरी २ च्या ७व्या घाताची, म्हणजे १२८ सेकंद. १३१ च्या जागी १२८. या उपायात एक वाईट सापळाही आहे. चाचणीसाठी १,७०,००,००,००० हा गोल आकडा घेतला, तर तो १२८ ने निःशेष भागला जातो, म्हणून मॅथ.फ्राउंडमधून तो जसाच्या तसा बाहेर येतो आणि चाचणी हिरवी होते. एकाने वाढवून पाहिले की १,७०,००,००,००१ चे पुन्हा १,७०,००,००,००० होते. ६४ ने वाढवले तरी तेच, कारण ती संख्या बरोबर मध्यावर येते आणि सम बाजूला ओढली जाते. ६५ ने वाढवल्यावर एकदम १,७०,००,००,१२८. चाचणीसाठी गोल आकडे घेऊ नयेत. शेजारशेजारचे दोन आकडे घ्यावेत आणि ते वेगळे राहतात का ते पाहावे.

दुसरा उपाय: फ्लोट६४अॅरे वापरू. बफरमध्ये डेटा भरणारे फंक्शन कोणताही टाइप्ड अॅरे विनातक्रार घेते, त्यामुळे हे चालेल असे वाटते. पण वेबजीएलमध्ये शिरोबिंदूच्या गुणधर्मासाठी, म्हणजे बफरमधून शेडरला मिळणाऱ्या आकड्यासाठी, डबल हा प्रकारच नाही. ८ बाइटांची एक संख्या ४ बाइटांच्या दोन संख्या म्हणून वाचली जाते आणि पडद्यावर निव्वळ कचरा दिसतो. वेबजीएलनंतर आलेल्या वेबजीपीयूच्या शेडर भाषेतही ६४ बिटांचा फ्लोट नाही.

तिसरा उपाय सर्वांत फसवा आहे, कारण विचार बरोबर पण जागा चुकीची. टाइमस्टॅम्प जसाच्या तसा बफरमध्ये भरायचा आणि शेडरमध्ये त्यातून सुरुवातीची वेळ वजा करायची. वजाबाकीनंतर आकडा लहान होतो हे खरे. पण बफरमध्ये शिरतानाच वेळ १३१ सेकंदांच्या पायरीवर जाऊन बसलेली असते. वजाबाकी स्वतः कोणतीही चूक करत नाही: स्टर्बेन्झच्या प्रमेयानुसार, एकमेकींच्या दुपटीच्या आत असलेल्या दोन फ्लोट संख्यांची वजाबाकी तंतोतंत येते. ती आधी झालेले नुकसान फक्त उघडे करते. उत्तर ० येते किंवा १,३१,०७२ च्या पटीत, मधले काही नाही.

म्हणून या सगळ्या प्रकरणात विचारायचा प्रश्न एकच: राउंडिंग वजाबाकीच्या आधी होते की नंतर? सिंगल प्रिसिजन तासाभराच्या आलेखाला भरपूर पुरते. मोठ्या आकड्याला आधी राउंड केले आणि मग लहान केले, हा दोष आहे. क्रम उलटा करायचा.

केलेला उपाय

डेटा तासातासाच्या तुकड्यांत येतोच. प्रत्येक तुकड्याची सुरुवातीची वेळ साध्या जावास्क्रिप्ट चलात ठेवायची. तिला पाया म्हणू. बफरमध्ये भरताना प्रत्येक टाइमस्टॅम्पमधून पाया वजा करायचा आणि मगच ती संख्या फ्लोट३२अॅरेच्या घरात लिहायची. वजाबाकी डबलमध्ये होते, राउंडिंग त्यानंतर. तासातले मिलिसेकंद जास्तीत जास्त ३५,९९,९९९. सिंगल प्रिसिजनमध्ये १,६७,७७,२१६ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक अचूक मांडता येतो, म्हणून येथे एकही नोंद हलत नाही. त्याच सेटच्या आकाराचे उत्तर आता ३,६०० येते.

तुकडा तासाचाच का, दिवसाचा का नाही? १,६७,७७,२१६ मिलिसेकंद म्हणजे ४ तास ३९ मिनिटे ३७ सेकंद आणि थोडे वर. त्यापुढे पायरी २ मिलिसेकंदांची होते, मग ४, आणि दिवसाच्या शेवटच्या सुमारे पाच तास वीस मिनिटांत ८ मिलिसेकंदांची. दर सेकंदाच्या नोंदीला ८ मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही, दिवसाचा तुकडाही चालला असता. पण अचूकतेची हमी ‘बहुतेक चालते’ यापेक्षा ‘प्रत्येक पूर्णांक जसाच्या तसा’ अशी देता येत असेल, तर ती घ्यावी. पुढे कोणी दर १० मिलिसेकंदांना नोंद देणारा सेन्सर जोडला, तर पुन्हा हीच तपासणी करावी लागत नाही.

दुसरा अर्धा भाग विसरला जातो. पडद्याची डावी कड कोणत्या वेळी आहे, हेही शेडरला कळायला हवे. ती वेळ पूर्ण टाइमस्टॅम्प म्हणून युनिफॉर्ममध्ये (सर्व नोंदींसाठी शेडरला मिळणाऱ्या एकाच किमतीत) पाठवली, तर युनिफॉर्मही सिंगल प्रिसिजनच असल्याने ती १३१ सेकंदांच्या पायरीवर जाते आणि सारा आलेख एकगठ्ठा सरकतो. त्याऐवजी प्रत्येक तुकडा काढण्यापूर्वी पाया वजा डावी कड हा फरक जावास्क्रिप्टमध्ये काढायचा आणि तो फरक युनिफॉर्म म्हणून द्यायचा. शेडर त्यात नोंदीचा आकडा मिळवतो आणि प्रमाणाने गुणतो. सरकवणी आणि प्रमाण एकत्र ठेवणारे तयार मॅट्रिक्स वापरत असाल तर तपासा: कित्येक मॅट्रिक्स लायब्ररी आपले १६ आकडे मुळातच फ्लोट३२अॅरेमध्ये ठेवतात. मोठी सरकवणी तिथे टाकली की तीच चूक मागच्या दाराने परत येते.

या उपायाची मर्यादाही मोजून ठेवावी. तासाच्या आतला फरक ३६ लाखांपर्यंत जातो. त्या पट्ट्यात पायरी ०.२५ मिलिसेकंद, म्हणजे युनिफॉर्ममधली चूक जास्तीत जास्त ०.१२५. चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवायची तर पिक्सेलला ०.२५ मिलिसेकंदापेक्षा कमी येता कामा नये. १,००० पिक्सेलांचे दृश्य २५० मिलिसेकंदांपर्यंत आखडता येते. त्यापुढे झूम केल्यास पॅन करताना, म्हणजे आलेख बाजूला सरकवताना, रेघ थरथरेल. सेकंदाच्या नोंदींना एवढे झूम निरर्थक आहे, म्हणून झूमला तिथेच अटकाव घातला.

त्याच्याही पुढे जायचे असेल, किंवा तुकडे पाडणे शक्य नसेल, तर एका वेळेचे दोन फ्लोट करतात. वरचा भाग म्हणजे मॅथ.फ्राउंड लावलेला टाइमस्टॅम्प. खालचा भाग म्हणजे मूळ टाइमस्टॅम्प वजा वरचा भाग. १७,००,००,००,००,१२३ साठी वरचा भाग १७,००,००,००,३८,९१२ आणि खालचा उणे ३८,७८९. डाव्या कडेचेही असेच दोन भाग. शेडरमध्ये वरच्या भागांची वजाबाकी वेगळी, खालच्या भागांची वेगळी आणि शेवटी बेरीज. खालचा भाग ६५,५३६ च्या पुढे जात नाही, त्यामुळे मिलिसेकंदाच्या २५६व्या हिश्शापर्यंत वेळ टिकते. किंमत दोन आहेत: बफरमध्ये वेळेची जागा दुप्पट, आणि शेडर कंपायलरवर विश्वास. कंपायलरने पदांचा क्रम बदलून आधी वरचा व खालचा भाग एकत्र केला, तर सारी मेहनत वाया जाते, आणि वेबजीएल २ च्या शेडर भाषेत, म्हणजे जीएलएसएल ईएस ३.०० मध्ये, त्याला ठामपणे रोखणारा शब्द नाही. म्हणूनच तुकड्यांचा उपाय शक्य असेल तिथे तोच घ्यावा. वेबजीएल २ मध्ये आणखी एक सरळ वाट आहे: वेळ ३२ बिटांच्या पूर्णांकात द्यायची, वजाबाकी शेडरमध्ये पूर्णांकांतच करायची आणि उत्तर फ्लोटमध्ये बदलायचे. पायापासून पुढे २४ दिवसांहून थोडे अधिक मिलिसेकंद त्यात मावतात.

०.७ ची मोजणी

दुसऱ्या तक्रारीत आकडा लहान आहे, पण मूळ तेच. ०.७ बायनरीत नेमके मांडता येत नाही, डबलमध्येही नाही. दोन्ही बाजू डबलच असत्या, तर दोन्हीकडे एकच जवळची संख्या आली असती आणि तुलना जुळली असती. येथे एक बाजू फ्लोट३२अॅरेमधून वाचलेली, म्हणजे ०.६९९९९९९८८०७९०७१, आणि दुसरी बाजू कोडमध्ये लिहिलेले डबल ०.७. पहिली लहान ठरते, म्हणून नेमकी ०.७०० असलेली प्रत्येक नोंद मोजणीतून गळते.

हा दोष ज्या सीमेवर चाचणी होते त्यावर अवलंबून असतो, म्हणून तो सहज निसटतो. ०.१, ०.२, ०.३, ०.४, ०.६ आणि ०.८ सिंगलमध्ये किंचित वर राउंड होतात; ०.७ आणि ०.९ खाली, ०.५ तंतोतंत बसते. ‘पेक्षा जास्त किंवा तेवढेच’ ही अट ०.६ ला बरोबर चालेल आणि ०.७ ला चुकेल. ‘पेक्षा कमी किंवा तेवढेच’ असेल तर उलटे.

उपाय एका शब्दाचा: सीमेलाही मॅथ.फ्राउंड लावायचे, आणि ते एकदाच, लूपच्या बाहेर. राउंडिंग क्रम बिघडवत नाही. दोन संख्यांतली मोठी संख्या राउंड झाल्यावर दुसरीपेक्षा लहान होत नाही. त्यामुळे खरोखर ०.७ किंवा अधिक असलेली एकही नोंद आता गळणार नाही. शक्यता फक्त उलट दिशेची: ०.७ च्या खाली एका कोट्यंशाहूनही कमी अंतरावर असलेली नोंद आत शिरेल. सेन्सरच तीन दशांश स्थळांचा असल्याने तशी नोंद येतच नाही. काही जण येथे एक छोटी सूट ठरवून तुलना करतात, समजा ०.००००१. तेही चालते, पण ती सूट का एवढीच, याचे उत्तर द्यावे लागते. मॅथ.फ्राउंडला असे उत्तर द्यावे लागत नाही.

टूलटिपबद्दल फार बोलण्यासारखे नाही. सेन्सरची अचूकता ठाऊक आहे, म्हणून छापताना टूफिक्स्डला (दशांश स्थळे ठरवणाऱ्या फंक्शनला) ३ द्यावे. अचूकता ठाऊक नसेल तर टूप्रिसिजनला (सार्थ अंक ठरवणाऱ्या फंक्शनला) ६ द्यावे, कारण सहा सार्थ दशांश अंकांपर्यंतची संख्या सिंगलमध्ये जाऊन सुखरूप परत येते, अर्थात टोकाच्या लहानमोठ्या संख्या सोडून. उलट प्रवासात, म्हणजे सिंगलमधली संख्या मजकुरात लिहून तीच परत मिळवायची असेल, तर नऊ अंक लागतात. फ्लोट३२अॅरेमधले आकडे थेट जेसनमध्ये पाठवणे मात्र टाळावे: ०.७ ची तीन अक्षरे होती, त्यांची सतरा होतात.

न आलेली चौथी तक्रार

तपासणीत आणखी एक जागा सापडली. त्याच डॅशबोर्डवर प्रवाहमापकाचे ठोके मोजणारी एक बेरीज होती, आणि तीही सोयीसाठी फ्लोट३२अॅरेच्या एका घरात ठेवलेली. सेकंदाला एक ठोका धरला तर १९४ दिवस, ४ तास, २० मिनिटे आणि १६ सेकंदांनी ती १,६७,७७,२१६ वर पोहोचते. त्यात १ मिळवला की १,६७,७७,२१७ ही संख्या सिंगलमध्ये नाही. ती बरोबर दोन शेजाऱ्यांच्या मध्ये येते, सम बाजूला राउंड होते आणि पुन्हा १,६७,७७,२१६ उरते. मोजणी तिथेच कायमची थांबते. बेरीज साध्या चलात ठेवली की हीच अडचण ९ च्या पुढे पंधरा शून्ये लिहिलेल्या संख्येजवळ जाते, आणि तिथवर हा मापक पोहोचत नाही. साठवणूक सिंगलमध्ये करा, बेरीज डबलमध्ये.

चाचण्या कशा लिहिल्या

आधीच्या चाचण्या साध्या जावास्क्रिप्ट अॅरेवर चालत होत्या, म्हणून सगळ्या उत्तीर्ण होत्या. आता शेडरचे गणित जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहिले आहे आणि प्रत्येक क्रियेनंतर मॅथ.फ्राउंड लावले आहे. दोन सिंगल संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार किंवा वर्गमूळ डबलमध्ये काढून एकदा मॅथ.फ्राउंड लावले, तर उत्तर थेट सिंगलमध्ये केलेल्या क्रियेशी तंतोतंत जुळते. त्यासाठी सिंगलच्या २४ सार्थ बिटांची दुप्पट अधिक २, म्हणजे ५० बिट लागतात, आणि डबलकडे ५३ सार्थ बिट आहेत. दोनदा राउंड होण्याची बाधा त्यामुळे लागत नाही. मात्र मॅथ.फ्राउंड प्रत्येक पायरीवर हवे. गुणाकार आणि बेरीज एकत्र करून शेवटी एकदाच लावले, तर उत्तर वेगळे येऊ शकते.

ही नक्कल ग्राफिक्स कार्डाशी बिटाबिटाने जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. शेडरमध्ये भागाकाराला अडीच पायऱ्यांपर्यंत चुकण्याची मुभा आहे, आणि शून्याजवळच्या अतिसूक्ष्म संख्या थेट शून्यही होऊ शकतात. १३१ सेकंदांची चूक पकडायला मात्र ही नक्कल पुरेशी आहे.

फोनवर आणखी एक तपासणी लागते, जी ही नक्कल करू शकत नाही. पिक्सेलांचा रंग ठरवणाऱ्या फ्रॅगमेंट शेडरमध्ये मीडियमपी (मध्यम अचूकता) लिहिले असेल, तर मानक फक्त दहाएक बिटांच्या सापेक्ष अचूकतेची हमी देते. डेस्कटॉपवर तेच शब्द बहुधा ३२ बिटांत चालतात, म्हणून दोष दिसत नाही. फोनवर तुटक रेघेचे तुकडे वेडेवाकडे पडतात. वेबजीएल १ मध्ये फ्रॅगमेंट शेडरला हायपी (उच्च अचूकता) मिळेलच असे नाही, तेव्हा गेटशेडरप्रिसिजनफॉर्मॅटने विचारून घ्यावे. वेबजीएल २ मध्ये ते सक्तीचे आहे. वेळेचे गणित शिरोबिंदूंची जागा ठरवणाऱ्या व्हर्टेक्स शेडरमध्येच संपवावे आणि फ्रॅगमेंट शेडरकडे ० ते १ मधलाच आकडा पाठवावा.